चौगुल्यांचं शटर आणि उंबरनाथाची छत्री

संध्याकाळचे सहा वाजत आले की आमच्या कसबा बावड्यातल्या नव्या कॉलनीत आकाराम चौगुल्यांच्या बंगल्यासमोर माणसं जमायची. कुणी चहाचा कप घेऊन यायचं, कुणी खुर्चीच घेऊन.

आकाराम रिमोट दाबायचे. पार्किंगचं ऑटोमॅटिक शटर घरघरत हातभर खाली यायचं, थबकायचं आणि पुन्हा वर जायचं. छताला लावलेला दिवा लुकलुक करायचा.

"आत शिरलं बघा कोणतरी!"

"व्हय की! दार आडीवलं त्येनं!"

दिसायचं मात्र कुणीच नाही. अंधार पडला की शटर मुकाट्यानं बंद व्हायचं.

मी समोरच राहतो. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं उसाचा रस तपासला, त्यामुळे भुतावर माझा विश्वास नाही. पण खरं सांगतो, हे कोडं मलाही सुटत नव्हतं. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा सकाळी अकराला. त्यानं रुळांना ग्रीस लावलं, रिमोटचा सेल बदलला, शटर वीस वेळा खालीवर केलं. एकदाही अडलं नाही. "मशिनीत काय बी न्हाय, काका," म्हणाला आणि गेला.

मशिनीत नाही म्हटल्यावर माणसात शोध सुरू झाला. शटर बसवलं दिवाळीत. हिवाळाभर नीट चाललं. चैत्रात त्यांच्या मुलाचं, धैर्यशीलचं, लग्न झालं, कबनूरची निशिगंधा सून म्हणून आली आणि त्याच आठवड्यात शटर अडायला लागलं. सासूबाई चिमणाबाई आधी गप्प होत्या. मग गल्लीतल्या बायका बोलू लागल्या आणि शेवटी त्याही म्हणाल्या, "पोरीचा पायगुणच तसला, काय करायचं?"

अशा वेळी उंबरनाथ महाराज उगवले नसते तरच नवल. घराच्या उंबऱ्यातली पीडा काढणं हा त्यांचा खास विषय. भगवी लुंगी, डोळ्यांत काजळ, आणि सोबत भलीमोठी छत्री घेतलेला टक्कल पडलेला चेला.

महाराजांनी निशिगंधाला उंबऱ्याशेजारी उभं केलं. आकारामांनी रिमोट दाबला. शटर आलं आणि वर गेलं. गर्दी हळहळली.

"आता सूनबाईला लांब न्या!"

ती माझ्या फाटकापाशी येऊन उभी राहिली. महाराज गरजले, "उंबरा म्हंजे देव! देवावर छत्र धरा!" चेल्यानं छत्री उघडली आणि शटरच्या उजव्या कडेला, गुडघ्याएवढ्या उंचीवर तिरकी धरली.

"अजून थोडं खाली, मूर्खा! हां. ॐ कपाट फट्, पीडा झट्, शटर पट्!"

शटर सरळ जमिनीला टेकलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. चिमणाबाईंनी हात जोडले.

"अकरा म्हयनं हिला माहेरी ठेवा," महाराजांनी निकाल दिला. "उद्या ह्याच येळंला ती निघंल आणि मी उंबरा बांधून दीन."

निशिगंधाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नजर छत्रीवर खिळली होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "ऊन महाराजांच्या टकुऱ्यावर पडलंय. मग छत्री खाली कशाला?"

मी चमकलो.

"आमचे पप्पा यंत्रमागाचे जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. माग अडला की मालक कामगाराला शिव्या द्यायचा. पप्पा म्हणायचे, आधी सांगा, माग चालत होता तवा काय येगळं हुतं? काका, मी यायच्या आधी इथं काय येगळं हुतं?"

मी पश्चिमेकडं पाहिलं. मोकळं रान, आणि रानावरून आडवं येणारं ऊन.

"ऊस," मी म्हणालो. "तिथं डोक्यावर ऊस होता. तुझ्या लग्नाच्या आठवड्यातच तुटला."

ती हसली. कितीतरी दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. दारात निशिगंधाची बॅग, बॅगेशेजारी गाडीची किल्ली घेऊन मान खाली घातलेला धैर्यशील. महाराजांनी चेल्याला खूण केली.

"थांबा महाराज," निशिगंधा म्हणाली. "मी जाते की. पण आज मंत्र छत्री मिटून म्हणा."

"छत्राबिगर देव कोपतो!"

"मंत्र मोठा का छत्री मोठी?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. आता माघार घेणं अवघड होतं. महाराजांनी मंत्र म्हटला, मोठ्यानं म्हटला, घाम फुटेपर्यंत म्हटला. शटर दरवेळी हातभर येऊन वर गेलं.

निशिगंधानं घरातून उरलेली एक लग्नपत्रिका आणली, तिची नळी केली आणि शटरच्या उजव्या कडेला असलेल्या सुपारीएवढ्या काळ्या काचेवर चिकटपट्टीनं बसवली.

"आत्ती, आता तुम्ही दाबा."

चिमणाबाईंनी रिमोट दाबला. शटर खाली आलं. निशिगंधा तिथंच उभी होती, तरीही आलं. शटर वर घेऊन नळी काढली, पुन्हा दाबलं, हातभर येऊन वर गेलं. परत लावली, खाली आलं.

"हे दोन डोळे असतात," ती सगळ्यांना दाखवत म्हणाली. "डावीकडचा आपल्याला न दिसणारा किरण सोडतो, उजवीकडचा झेलतो. मधे मूल, मांजर आलं की किरण तुटतो आणि कुणी चेंगरू नये म्हणून शटर वर जातं. ऊस तुटल्यापासून सांजचं ऊन सरळ ह्या डोळ्यात घुसतंय. तो दिपतो, किरण दिसत न्हाय, त्याला वाटतं मधे कोणतरी हाय. नळीनं ऊन अडलं, किरण समोरून येतोच."

"आणि अकरा महिन्यांत ऊस पुन्हा डोक्यावर आला असता," मी पुस्ती जोडली. "शटर आपोआप चाललं असतं आणि श्रेय गेलं असतं महाराजांना!"

आकारामांनी चेल्याची कॉलर धरली. "तुला कसं ठाव रं छत्री कुठं धरायची?"

"आधी शटरं बसवायचो की मालक," चेला पुटपुटला.

तोवर महाराज कोपऱ्यापर्यंत पोचले होते. छत्री न घेताच.

धैर्यशीलनं बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली. चिमणाबाई सुनेपुढं आल्या. "चुकलं बाई माझं," एवढंच म्हणाल्या. निशिगंधानं त्यांचा हात धरला, पण "काय हरकत न्हाय," असं काही ती म्हणाली नाही. हरकत होतीच.

मंडळी, शटर अडलं तर काच पुसा, सेल तपासा, ऊन कुठून येतं ते बघा. एवढं करूनही कारण सापडलं नाही तर "अजून कळलं नाही" असं बेलाशक म्हणा. त्यात कसलीच लाज नाही. फक्त त्या न कळलेल्या जागी घरातल्या बाईचं नाव भरू नका.