काळ्या, तिला सांग

मी एक जुना तवा आहे, मित्रांनो. तुमच्या शेगडीवर मावतो तसला नव्हे. चार चाकांच्या गाड्यावर बसवलेला, दोन हात लांब, जाड लोखंडाचा, पोटाखाली तीन बर्नर असलेला गॅसचा तवा. कामावरून दमून आलेल्या माणसांना मोकळ्या हवेत झटपट रांधता यावं म्हणून मला बनवतात. सध्या माझ्या एका अंगाला काजळी आहे आणि दुसऱ्या अंगाला वितळून थिजलेलं प्लॅस्टिक. खरवडलं तरी ते निघत नाही. ते कसं चिकटलं तेवढंच मला सांगायचंय. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा. लाडीगोडी लोखंडाच्या स्वभावात नाही.

माझा जन्म कारखान्यातला. आधी मी नुसता पत्रा होतो. यंत्राने मला कापलं, माझ्या कडा वळवल्या आणि कोपऱ्यात एक भोक पाडलं. रांधताना सुटलेलं तेल आणि चरबी त्या भोकातून खालच्या ट्रेमध्ये गळावी, अशी सोय. माझ्या मागून गॅसची रबरी नळी सिलिंडरकडे उतरते, ती या ट्रेला जवळजवळ घासून. ज्याने ती तिथून नेली तो घाईत असावा. ट्रे रोज रिकामा करा, मला उघड्यावरच वापरा, असं माझ्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं. खोकं पहिल्याच दिवशी रद्दीत गेलं.

दुकानात माझ्या शेजारी जाळीवाला उभा होता. सळ्यांवर मांस भाजायचं यंत्र, वर चकचकीत झाकण. एका संध्याकाळी नवरा-बायको आले, मागून नवऱ्याची आई. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. बायको एका कंपनीत टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकणारी. दिवसभर परक्यांच्या शिव्या खाऊन घरी यायची आणि मग स्वयंपाकाला लागायची.

"जाळीवाला घेऊ," नवरा म्हणाला. "दिसतो कसा बघ."

"दिसण्यावर गेलं की काय होतं ते मला विचार."

सासू खुदकन हसली. तेव्हा त्या दोघी एका बाजूला असायच्या.

दुकानदार सरसावला. "ताई, रविवारी पाहुणे बोलावून निवांत भाजत बसायचं असेल तर जाळी घ्या. आल्या आल्या पोटात कावळे ओरडत असतील तर तवा. ह्याच्यावर कांदा सळ्यांतून खाली पडत नाही, अंडं फोडता येतं. इकडे मासळी टाका, तिकडे भाजी. कपडे बदलेपर्यंत तापतो."

"आणि साफसफाई?" सासूने विचारलं.

"फडकं मारलं की झालं, आजी."

खोटं बोलला. माझ्या पाठीला फडकं पुरतं, ट्रेसाठी हात काळे करावे लागतात. पण हे सांगून कोण माल विकतो?

मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या दारासमोर माझी जागा ठरली. सासूने माझं नाव काळ्या ठेवलं. सुरुवातीचे दिवस खरंच चांगले होते. सून कामावरून यायची आणि नवरा हातपाय धुऊन येईपर्यंत ताटं वाढलेली असायची. शेजारीण कुंपणावरून म्हणायची, "तुमच्याकडे रोज उत्सव दिसतो." मलाही वाटायचं, आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय.

आता एक महत्त्वाची गोष्ट. सुनेला वास येत नसे. एका तापातून ती उठली आणि नाक गेलं ते गेलंच. दूध करपून पातेलं काळं झालं तरी तिला पत्ता नसायचा. सासूचं नाक मात्र तल्लख. इस्त्रीच्या दुकानात हयात गेलेली बाई, कापड करपायच्या आधीच तिला कळायचं. म्हणून दोघींनी एक रीत पाडली होती. सून आधी सिलिंडर उघडायची, मग आत जाऊन कांदे-बटाटे चिरायची आणि परत माझ्यापाशी येऊन विचारायची, "आई, वास?" दारातल्या खुर्चीत बसलेली सासू हवा हुंगायची. "नाही गं. पेटव." मगच सून खटका दाबायची.

"तुझं नाक मी, माझे गुडघे तू," सासू म्हणायची.

पुढे वाऱ्याचे दिवस आले. ज्योत सारखी विझायची. नवरा चिडला आणि त्याने माझ्याभोवती तीन बाजूंनी जाड प्लॅस्टिक टांगलं, थेट जमिनीला टेकेल असं. "खोलीच करून टाकली बघ," म्हणाला. दोघींनी कौतुक केलं. मित्रांनो, सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो उडून जात नाही, सांडलेल्या पाण्यासारखा तळाशी साठतो. लिफ्टवाल्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याला वाऱ्याला हरवायचं होतं.

ट्रे रिकामा करायचं काम त्याचंच होतं. प्लॅस्टिक लावून झालं आणि जणू त्याचं सगळं काम संपलं. ट्रे भरला, तुडुंब झाला.

"घाण वाहायला लागलीय," सासू सुनेला म्हणाली.

"मग तुमच्या मुलाला सांगा. मीच रांधायचं आणि मीच उकिरडा उपसायचा?"

"मी वाकू का या गुडघ्यांनी?"

"मी कुठं म्हटलं तुम्ही वाका?"

"तुझं बरं आहे बाई. नाकच नाही, घाण कळतेय कुणाला."

सुनेने हातातलं उलथणं माझ्यावर ठेवलं आणि आत निघून गेली. भांडण ट्रेचं होतं. ज्याचा ट्रे तो आत बसून मॅच बघत होता.

तेव्हापासून अबोला. अबोल्यात माणसं गप्प बसत नाहीत. ती भिंतीला सांगतात, मांजराला सांगतात. या घरात ते मानाचं पान मला मिळालं.

"काळ्या, तुझ्या मालकिणीला सांग, मीठ कमी पडलंय."

"काळ्या, त्यांना सांग, मीठ डब्यात आहे, डबा फळीवर आहे."

नवऱ्याला गंमत वाटायची. "तव्याला पोस्टमनचा पगार सुरू करा," म्हणायचा. हसायचा, जेवायचा, हात धुवायचा. दोघींपैकी एकीला तरी समोर बसवून बोलतं करावं, असं त्याच्या मनात आलं नाही. ट्रे ओढून बघावा, असंही आलं नाही.

काही दिवसांनी सुनेने कानात इयरफोन घालायला सुरुवात केली. दिवसभर तक्रारी ऐकणारीने घरी आल्यावर तव्यामार्फत आणखी किती ऐकायच्या? गाणी ऐकत चिरायची, गाणी ऐकत रांधायची. आणि "आई, वास?" हा प्रश्न बंद झाला. तो बंद झालाय हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. सासूच्या आलं असेल. पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असा तिचा हट्ट होता. तो तिने मानाने सांभाळला.

इकडे तापलेली चरबी ट्रेच्या काठावरून नळीवर ओघळत होती. रबर आधी फुगलं, मग मऊ पडलं, मग त्याला केसाएवढी चीर गेली. मला ती जाणवत होती. पण चटका देण्यापलीकडे मला काय येतं?

ती संध्याकाळ अगदी साधी होती. सून आली, सिलिंडर उघडून आत गेली. चिरेतून बारीक सुस्कारा सुरू झाला. प्लॅस्टिकच्या आत तळाशी गॅस साठत गेला, माझी चाकं बुडाली, ट्रे बुडाला. सून चिरलेल्या बटाट्यांचं ताट घेऊन बाहेर आली. कानात गाणं. सासू दारात बसलेली. तिने मान वर केली आणि हवा हुंगली.

"काळ्या," ती म्हणाली, "तिला सांग, वास येतोय."

मला म्हणाली. लोखंडाला.

सून पाठमोरी होती. तिने ताट कडेला ठेवलं, तेलाची बाटली उघडली. सासूने आवाज चढवला. "काळ्या, सांग तिला, पेटवू नको म्हणावं."

एवढी माया होती त्या म्हातारीला, मी पाहिलेली आहे. सुनेला ताप आला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसलेली बाई ती. पण सुनेला थेट हाक मारली तर आपण हरलो, असं तिच्या डोक्यात बसलेलं. ती खुर्चीच्या हातावर जोर देऊन अर्धी उठली. सुनेचा अंगठा माझ्या खटक्यावर आला.

"अगं..." असं मला ऐकू आलं. ते मला नव्हतं, तिला होतं. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही.

आग खालून उठली. प्लॅस्टिक पेटलं आणि थेंब थेंब गळू लागलं. सासू त्या गुडघ्यांनी कशी धावली माहीत नाही, पण तिने सुनेला पदराने ओढून बाहेर काढलं. सिलिंडर शेजाऱ्याने ओलं पोतं टाकून बंद केला. सुनेला दवाखान्यात नेलं आणि अंगणात मी एकटा तडतडत निवत राहिलो.

पुढचे कित्येक दिवस लोक येत होते, अंगणात उभे राहून माझ्याकडे बघत होते. सासू प्रत्येकाला सांगायची, "मी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं." त्यात काही खोटं नव्हतं. कुणाला सांगितलं, ते मात्र ती सांगायची नाही. "हल्लीच्या सुना ऐकतात कुठं," शेजारीण म्हणायची आणि सगळे माना डोलवायचे. सगळे गेले की ती माझ्यासमोर बसायची आणि हळूच विचारायची, "सांगितलं होतं ना रे तुला?" साक्षीदार हवा होता तिला. असल्या साक्षीचा मला संताप येतो.

सून घरी आली. दोन्ही हात बांधलेले, चेहऱ्याची एक बाजू सोललेली, तो कान आखडलेला. ऊन मिळावं म्हणून तिला अंगणात बसवलं. सासू वाटीत पातळ भात घेऊन आली. चमचा भरला, माझ्याकडे बघितलं आणि सवयीने म्हणाली, "काळ्या, तिला सांग, तोंड उघड म्हणावं."

सून फुटक्या ओठांनी म्हणाली, "माझ्याकडे बघून सांगा."

चमचा हवेतच थांबला. सासूने मान वळवली. सोललेल्या बाजूकडे तिने इतके दिवस बघितलंच नव्हतं, ते आता बघितलं. "उघड," ती म्हणाली. भात सुनेच्या तोंडात कमी गेला, पदरावर जास्त सांडला.

मित्रांनो, घरी गेल्यावर मोठ्यांना उठवा. गॅसची नळी चाचपायला लावा, तिच्यावर साबणाचं पाणी लावायला लावा. बुडबुडा आला तर सिलिंडर बंद, नळी बदल, मगच जेवण. ट्रे ज्याच्या वाट्याचा असेल त्याच्या हातात तो द्या. आणि घरात अबोला असेल तर असू द्या, पण ज्याचा जीव जायचाय त्याचं नाव घेऊन ओरडा. तव्याला सांगू नका. आम्ही निरोप पोचवत नाही.

काल नवऱ्याने मला फडक्याने पुसलं. "तवा शाबूत आहे, टाकायचा कशाला?" म्हणाला. नळीच्या चिरेवर त्याने चिकटपट्टी गुंडाळली आणि प्लॅस्टिकचा नवा तुकडा मापात कापून ठेवला. आज संध्याकाळी तो मला पेटवून बघणार आहे. दोघी दारात बसलेल्या असतील. त्यातल्या एकीला वास येतो. त्याला वेळेवर हाक मारायचं तिच्या जिवावर येतं की नाही, याकडे माझे कान लागलेत.