सूर्य बारा वाजता मावळतो

रायाला स्वाहिली येते, असं तिच्या मैत्रिणी सात वर्षं धरून चालल्या होत्या आणि रायाने तो समज कधी खोडला नव्हता. आई झांझिबारची, मावश्या झांझिबारच्या, घरी नारळाच्या दुधातला भात. एवढ्या पुराव्यावर कोणीही तोच निष्कर्ष काढला असता. त्यामुळे तिघींनी चार दिवस झांझिबारला जायचं ठरवलं, तेव्हा तिकडच्या लोकांशी बोलायचं काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं.

खरं तर तिला शंभरापर्यंतचे आकडे, ख्यालीखुशालीचे चार शब्द, खाण्याच्या पदार्थांची नावं आणि रागावण्याची पाच-सहा वाक्यं येत होती. बाकीचं तिने स्वतःच घालवलं होतं. पहिलीत असताना मस्कतच्या शाळेच्या दारात तिने आईला बजावलं होतं, की इथे माझ्याशी ती भाषा बोलू नकोस, पोरी हसतात. आईने ऐकलं आणि तेव्हापासून घरातही अरबीच चाललं. आता मात्र झांझिबार म्हटलं की ऑफिसातल्या मुली फोटो मागत आणि राया ‘आमचं बेट’ म्हणायला शिकली होती.

डिसेंबरातल्या शनिवारी संध्याकाळी तिघी मस्कतच्या खुवैर भागातल्या एका चहाच्या टपरीबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. मोझा बँकेत होती आणि कुठेही गेली तरी काउंटरच्या आतल्या बाजूला असल्यासारखी बसायची. बद्रिया बालवाडीत शिकवायची. सुट्टीकडून तिची एकच अपेक्षा होती, झोप. राया समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला होती. तिने सवयीप्रमाणे सहलीच्या वेळांचा तक्ता केला होता.

तक्त्यातली माहिती बी शेम्साच्या आवाजी निरोपांमधून आली होती. बी शेम्सा म्हणजे आईची चुलत बहीण. नुंग्वी गावात समुद्राकाठी तिचं घर होतं आणि दोन खोल्या ती पाहुण्यांना द्यायची. ती भराभर बोलायची. आकड्यांच्या मागेपुढे आणखी शब्द असायचे, ते रायाच्या हाती लागत नसत. पण आकडे ती चुकणं शक्य नव्हतं. प्रत्येक निरोप तिने चारदा ऐकला होता.

“वाच,” मोझा म्हणाली.

“आपण दुपारी दीडला उतरतो. बी शेम्साची गाडी घ्यायला येईल नऊला.”

“रात्री नऊला? साडेसात तास आपण विमानतळावर काय करायचं, फरशी पुसायची?”

“तिकडे सगळं सावकाश असतं,” राया म्हणाली. “हाच तर मजेचा भाग आहे.”

“पुढे.”

“नाश्ता एक ते तीन.”

बद्रियाने चहाचा पेला खाली ठेवला. “दुपारी एकला नाश्ता? मला ही बाई आवडली.”

“दुसऱ्या दिवशी दोनला होडी. समुद्रात वाळूचं छोटं बेट आहे, ओहोटीला वर येतं, तिथे पोहायचं. सातच्या आत परत, कारण पाणी चढतं.”

“म्हणजे एकला नाश्ता करायचा आणि भरल्या पोटी दोनला पोहायचं,” मोझा म्हणाली. “आणि अंधारात होडीतून परत. राया, तू नीट ऐकलंस ना?”

“माझी भाषा आहे ती, मोझा.”

हे वाक्य तोंडातून निघालं आणि ते रायाच्या स्वतःच्याच कानाला खोटं वाटलं. तिने तक्त्याची शेवटची ओळ बोटाने झाकली. मोझाने बोट उचलून बाजूला केलं.

“‘सूर्यास्त बारा वाजता. गच्चीवरून बघायचा,’” मोझाने वाचलं. तिने वर पाहिलं. “कोणते बारा?”

या ओळीने रायाला दोन दिवस छळलं होतं. झांझिबार विषुववृत्ताला लागून आहे, तिथे सूर्य बारा महिने सहा-साडेसहाच्या आसपास मावळतो. ते तिने तपासलंही होतं. आकडा चुकला म्हणावं, तर ‘कुमी ना म्बिली’ म्हणजे दहा आणि दोन, दुसरं काही होऊच शकत नाही. शिवाय पडताळा घरचाच होता. लाडीगोडी लावायची असली की राया फोनवर आईला म्हणायची, “मामा, साआ तानोला येते.” मामा म्हणजे आई, साआ तानो म्हणजे पाच वाजता. पाचला घरी पोचली की भात वाढून तयार असायचा. एकदाही चूक नाही. आकडे बरोबर होते, म्हणजे चुकत सूर्य होता.

“बहुतेक ती गंमत करत असेल,” राया म्हणाली.

“हे बघ, बाई,” मोझा म्हणाली, “किनाऱ्यावरच्या त्या मोठ्या हॉटेलची सवलत आज संध्याकाळपर्यंत आहे. तिथे नाश्ता सकाळी मिळतो आणि सूर्य सूर्यासारखा मावळतो. एक तर मी ते घेते, नाही तर तू आत्ता फोन लाव आणि आमच्यासमोर विचार.”

“आमच्यासमोर,” बद्रियाने री ओढली. “मला तुला बोलताना ऐकायचंच आहे. सात वर्षांत एकदा तरी.”

सुटकेचा रस्ता नव्हता. हॉटेल घ्यावं, तर बी शेम्साने आईच्या शब्दाखातर रिकामी ठेवलेली खोली नाकारायची. फोन लावावा, तर सात वर्षांची अब्रू टेबलावर. रायाने फोन लावला. मोझाने स्पीकर चालू केला.

ख्यालीखुशालीपर्यंत राया तरली. ‘हो, हो, छान’ एवढ्यावर ती गाडी ढकलत होती. मग बी शेम्साने सहज विचारलं, “तिकडे किती वाजले गं?”

सव्वापाच झाले होते. हे येत होतं. “साआ तानो,” राया ठणठणीत आवाजात म्हणाली. पाच.

पलीकडे बी शेम्साचा आवाज बदलला. “तानो? तुझी आई बरी आहे ना?”

“बरी आहे.”

“कोणी गेलं का? खरं सांग, मी बसले आहे खाली.”

“सगळे छान,” राया अंदाजाने शब्द जुळवत म्हणाली. “मी... चहा. मैत्रिणी. बाहेर.”

“या वेळी? बाहेर?” पुढचं वाक्य लांब होतं आणि त्यातलं रायाला नेमकं तेवढंच कळलं, जे रागावण्याचं होतं. बद्रियाने हळूच विचारलं, “काय म्हणतेय?” राया म्हणाली, “हवा कशी आहे विचारतेय.”

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मशिदीतून सूर्यास्ताची अजान सुरू झाली.

“ही कसली अजान?” बी शेम्साने विचारलं.

“मगरिबची.”

“मगरिब. साआ तानोला.” बी शेम्सा म्हणाली आणि फोनमधून खरखर ऐकू आली. ती हसत होती. मग ती मदरशात शिकलेल्या जुन्या, अडखळत्या अरबीत बोलू लागली, त्यामुळे तिघींनाही कळलं. “पोरी, तुझ्या आईने तुला आमचं घड्याळ दिलंच नाही? दिवस कधी सुरू होतो? सूर्य उगवला की. उगवून एक तास झाला की एक वाजला. तुमचे सात, ते आमचे एक. तू तानो म्हणालीस, आणि तुमचं घड्याळ आमच्या किती पुढे धावतं मला कुठे ठाऊक, मी समजले रात्रीचे अकरा. म्हटलं, एवढ्या रात्री पोरगी रस्त्यावर चहा पितेय, कोणी तरी नक्की मेलं.”

फोन ठेवल्यावर मोझाने तक्ता पुढे ओढला आणि पेनाने प्रत्येक आकड्यात सहा मिळवले. गाडी दुपारी तीनला. नाश्ता सात ते नऊ. होडी सकाळी आठला, परत एकच्या आत. सूर्यास्त सहाला. तक्त्यात आता कुठेच खोट नव्हती.

राया तिकडे बघतही नव्हती. तिला शाळेचे दिवस आठवत होते. आई रोज पलंगापाशी येऊन म्हणायची, “साआ मोजा, राया.” ती बंदी झुगारून टिकलेले हे दोनच शब्द. ‘मोजा’ म्हणजे एक. ‘साआ’ म्हणजे वाजले, आणि ‘साआ’ म्हणजे तासही. रायाला वाटायचं, आई म्हणतेय, अजून एक तास आहे. म्हणून ती कूस बदलून झोपायची. आई सांगत असायची सात वाजले, आणि बस निघून जायची. आई तिला आळशी म्हणायची आणि रायाला हा न्याय कधीच समजला नव्हता.

“मला स्वाहिली येत नाही,” ती म्हणाली. “आकडे तेवढे येतात. आणि तेही आता येत नाहीत.”

“ते आम्हाला तू अकराव्यांदा ‘हो’ म्हणालीस तेव्हाच कळलं,” मोझा म्हणाली. तिने हॉटेलचं पान बंद केलं. “तिथेच उतरू. होडीच्या वेळा मी बघते. तू फक्त बोलू नकोस.”

“सातला नाश्ता,” बद्रिया दुःखाने म्हणाली. “मला आधीचं बेट जास्त आवडलं होतं.”

राया घरी पोचली तेव्हा आई स्वयंपाकघरात नारळ खवत होती. “बुधवारचं विमान कितीचं?” आईने अरबीत विचारलं.

विमान सकाळी नऊचं होतं. रायाने मनात सहा वजा केले, पुन्हा एकदा तपासलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदा बरोबर उत्तर दिलं. “साआ तातू.”

आईने हात पुसले आणि खिडकीतलं गजराचं घड्याळ उचललं. “पहाटे तीनला? मग बाराला निघायला हवं. आधी नाही का सांगायचं?”

रायाला पाचला वाढून ठेवलेल्या भाताचं कोडं आत्ता सुटलं. तिच्या तोंडचा प्रत्येक आकडा आई इतकी वर्षं मुकाट्याने मस्कतच्या घड्याळात समजून घेत आली होती. ती चुकीचं बोलते, हे आईने गृहीतच धरलं होतं आणि एकदाही दुरुस्त केलं नव्हतं.

“तसं नाही, मामा,” ती म्हणाली. “तुझं तातू.”

आई घड्याळ हातात धरून उभी राहिली. “माझं?” मग ती स्वाहिलीत काही तरी म्हणाली, लांबलचक, भराभर, रायाशी नव्हे तर बहिणीशी बोलावं तसं. त्या सगळ्यातला एकच आकडा रायाच्या हाती लागला. तो कोणत्या घड्याळातला आहे, हे विचारायला तिने खुर्ची ओढली.