कोपऱ्यातला म

"मशीन दोन्ही भाषा बोलल्याशिवाय मी खुर्चीतून उठणार नाही," असं ह्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं. आता चार वाजून गेले होते आणि मशीन एकही भाषा बोलत नव्हतं.

पाचपर्यंत हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं. नाहीतर खाट दुसऱ्याला आणि आमची पाळी पुढच्या महिन्यात. घशातली गाठ काही पुढच्या महिन्याची वाट बघत बसणार नव्हती, डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. उद्या गाठ निघणार आणि तिच्याबरोबर ह्यांचा आवाजही जाणार. कायमचा.

जन्मभर गाडी शिकणाऱ्यांच्या शेजारी बसून "अहो ब्रेक! ब्रेक दाबा!" असं बोंबलत ह्यांनी संसार चालवला. आख्खी गल्ली ह्यांना उस्ताद म्हणते. मी काय म्हणते ते सोडा.

पण खरी गोम वेगळीच होती. सूनबाईला मराठी येत नाही आणि मला तिची भाषा येत नाही. मुलगा कायम कामासाठी बाहेरगावी. आत्ताही वाटेतच होता, पोचणार उद्या. ह्यांना दोन्ही भाषा येतात, त्यामुळे आम्हा दोघींचं बोलणं हेच इकडून तिकडे नेतात. मी म्हणते, "तिला सांगा, नळ नीट बंद करत जा." हे तिच्या भाषेत काहीतरी सांगतात आणि ती गोड हसते. नळाचं ऐकून कोण हसतं हो? मधल्या मध्ये काटछाट चालते, दुसरं काय! एकदाच ह्यांनी काटछाट केली नाही. ती नवीन आली होती तेव्हा. "ती म्हणते, तिला तुझी भीती वाटते." मी असली भडकले की तिच्या भाषेतला तो भीतीचा शब्दच ह्यांच्याकडून वदवून घेतला आणि तो डोक्यात रुतून बसला.

म्हणून हा सूनबाईचा लॅपटॉप. ह्यांनी टाइप करायचं, मशीनने मोठ्याने वाचायचं. मला मराठीत, तिला तिच्या भाषेत. सूनबाईने दिवसभर खपून मराठी कीबोर्ड घातला, मराठी आवाज उतरवून घेतला, बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले. मग बंद करून चालू करायचं होतं. केलं. आणि आता तिचा स्वतःचाच पासवर्ड ते घेईना.

तिने पुन्हा टाइप केला. चौकटीत काळे ठिपके उमटले, पुसले गेले. नकार.

ती ह्यांच्याकडे वळून भराभरा काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

"अजून एकदा चुकलं तर तासभर कुलूप," हे घोगऱ्या आवाजात म्हणाले. "राहू दे. नशिबातच नाही. हॉस्पिटलला कळव, आज येत नाही."

"डोंबलाचं नशीब! गाठ तेवढी नशिबात आणि डॉक्टर नाही? तिला सांगा, नीट बघून कर म्हणावं!"

हे काही सांगेनात. खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. हट्टाला पेटला की हा माणूस दगड होतो. माझा जीव इकडे टांगणीला!

सूनबाईने बोटं पुन्हा बटणांवर ठेवली. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले आणि तिचं मनगट धरलं. "थांब." एवढं तिला कळलं.

पडद्यावर सगळी तिची लिपी. मला त्यातलं एकच अक्षर वाचता येत होतं. अगदी खालच्या कोपऱ्यात, बारीकसं. म.

"हा इथे काय करतोय?" मी त्यावर बोट ठेवलं.

तिने म पाहिला, स्टिकर पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. ती पासवर्ड स्वतःच्या भाषेत टाइप करत होती आणि मशीन अक्षर न् अक्षर मराठीत घेत होतं. ठिपक्यांच्या मागे कोणाला दिसणार? तिने एक बटण दाबलं, म गेला, तिच्या लिपीतलं काहीतरी आलं. मग पासवर्ड टाइप करून ती माझ्याकडे बघत थांबली.

"दाब," मी म्हणाले.

उघडलं!

तिने कोपऱ्यात म परत आणला आणि लॅपटॉप मी ह्यांच्या मांडीवर ठेवला. "घ्या, बोला आता. टॅक्सी खाली उभी आहे." हे एका बोटाने अक्षरं शोधत बसले. पहिलं वाक्य मलाच टोमणा असणार, मी उत्तर तयार ठेवलं होतं.

मशीनमधली कोणी परकी बाई सपाट सुरात म्हणाली, "मला भीती वाटते."

शिकाऊ पोराने गाडी भिंतीवर घातली तेव्हासुद्धा हा माणूस हसत घरी आला होता. स्वतःच्या आवाजात हे वाक्य त्यांनी मला कधीच ऐकवलं नव्हतं.

"आई?" सूनबाईने माझी बाही ओढली. "बाबा... काय?"

सवयीने तिने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान वर केली नाही. मग मीच ह्यांच्याकडे बोट दाखवलं आणि तिच्या भाषेतला तो शब्द उच्चारला. मोडकातोडका, पण उच्चारला. मग हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि पुन्हा तोच शब्द म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. माझा हात तिने दोन्ही हातांत धरला आणि हळूच म्हणाली, "मी पण."

ह्यांनी आमच्याकडे पाहिलं. एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे. मग लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला आणि खुर्चीतून उठले.