बन्सीआबांच्या अंगणातली बाज

मी एक बाज. रावेरजवळच्या एका गावात जीवराम सुताराने माझे बाभळीचे पाय तासले आणि बन्सीआबांनी अंगणात बसून सुंभाने मला विणलं. काय कौतुक होतं तेव्हा माझं! पाहुणा आला की आधी मला झटकायचे, मग चहा टाकायचे. आबांची लेक नूतन माझ्यावरच पालथी पडून अभ्यास करायची.

ती पुण्याला मानववंशशास्त्र शिकायला निघाली, तेव्हा आबा म्हणाले, "हे शिकून तुले नोकरी कोन दीन, पोरी?"

"माणसं कशी राहतात, ते शिकणार आहे, आबा."

"ते तं अठीच दिसते!"

सुट्टीत आली ती वेगळी नजर घेऊन. एका संध्याकाळी माझ्यावर बसून तिनं विचारलं, "आबा, रुपचंदकाका इतकी वर्षं आपले केळीचे घड कापतात. ते या बाजेवर कधी बसले?"

रुपचंद सातपुड्याच्या पाड्यावरून आलेला. माझ्या पायाला पाठ टेकून जमिनीवर भाकर खायचा. त्याच्या पाठीची ऊब मला ठाऊक होती, वजन नव्हतं.

आबा उठून गोठ्याकडे गेले.

पुढे नूतन भडगावच्या शाळेत इतिहास शिकवू लागली. आपल्या भागाचा इतिहास इथल्या माणसांच्या तोंडून ऐकायचा, असं तिनं ठरवलं आणि त्यांना बसायला केळीच्या टेम्पोतून मला वर्गात आणलं. मुख्याध्यापक म्हणाले, "एक तास देतो. पोरं कंटाळली, तर पुन्हा पुस्तकच."

पहिला पाहुणा रुपचंद. त्याला घेऊन आबा स्वतः आले. तो सवयीनं फरशीवर बसला.

"राहू द्या, आबा. मी खालीच बरा."

आबांनी त्याचा दंड धरला. "वर बस, रुपचंदभाऊ. मीनं हे कधीच म्हनाले पाह्यजे व्हतं."

तो बिचकत टेकला. शेजारी आबा. मग रुपचंद बोलू लागला: बापाचं बोट धरून डोंगर कसा उतरला, पहिला घड खांद्यावर घेताना कसा कोलमडला. घंटा झाली तरी एक पोर हललं नाही. मुख्याध्यापकही दारातच उभे होते.

आता माझं सुंभ सैल झालंय. अंगणातलं चांदणं, केळीच्या पानांची सळसळ फार आठवते. तरी दर शनिवारी कुणीतरी येऊन माझ्यावर बसतं, बोलतं.

तुमच्या घरामागे माझी एखादी बहीण भिंतीला उभी असेल, तर तिला जळणात घालू नका. अंगणात टाका. आणि जे आजवर खालीच बसले, त्यांना आधी "वर बसा" म्हणा.