मुके तीस सेकंद

लुशियस पेटवे एकवीस वर्षं शहराची बस चालवत होता. मार्चपासून तो घरी बसून होता. स्वतःच्या गाडीतून जाताना त्याला एका पोलिसाने रस्त्यात अडवलं, तेव्हा त्याने "गाडी अंगावर घालीन" अशी धमकी दिली, असं पोलिसाच्या अहवालात लिहिलं होतं. असा शेरा बसलेल्या माणसाच्या हातात शहर बस देत नाही. लुशियसने तक्रार केली आणि ती पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या आमच्या नागरिक मंडळापुढे आली. आम्ही सात जण, त्यात पोलीस कोणी नाही. अध्यक्ष न्हावी, बाकी एक नर्स, एक पाद्री, अशी सगळी. मी कारखान्यातून निवृत्त झालेली. त्या शनिवारच्या सुनावणीत तक्रार फेटाळली गेली असती, तर लुशियसची बस कायमची जाणार होती.

पोलिसाच्या छातीवरचा कॅमेरा सारखा बघत असतो, पण जपून काही ठेवत नाही. बटण दाबलं की मागचे तीस सेकंद तेवढे धरून ठेवतो, आणि तेही मुके. आवाज बटण दाबल्यानंतरचाच. अहवालाप्रमाणे धमकी त्या मुक्या तीस सेकंदांत दिलेली होती.

वाचनालयाच्या तळघरातल्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. पडद्यावर लुशियस दिसला. गाडीची काच खाली, दोन्ही हात चाकावर, ओठ हलत होते. आणि मला ते ऐकू आलं.

मी सदतीस वर्षं मोटारींचे दरवाजे दाबून काढायच्या कारखान्यात होते. प्रेस पडला की जमीन हादरायची. शेजारणीच्या कानात बोंबललं तरी उपयोग नसे. म्हणून आम्ही बायका नुसत्या ओठांनी बोलायचो. पोरांचे ताप, नवऱ्यांची लफडी, मुकादमाची टिंगल, सगळं या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. मुकादमाला वाटायचं, बाया च्युइंगम चघळतायत.

मी मंडळाच्या वकीलबाईकडे वाकले. "तो काय म्हणाला ते मला कळलंय."

"मिस क्लिओटा, तुम्ही साक्ष दिलीत तर तुमचं मत जाईल," ती कुजबुजली. "गप्प बसा."

मी गप्प बसले. जीभ चावून बसले म्हणा ना.

तेवढ्यात खुर्च्यांमधून आवाज आला, "अगं बाई, हा तर नुसता साहेब-साहेब करतोय!" एक्याऐंशी वर्षांची इझोला रीड्स काठी टेकत उभी राहिली होती. कारखान्यात माझ्याच पाळीतली.

पोलीस संघटनेचा वकील डनिगन हसला. "आजी, पेटवेंचा जबाब पेपरात छापून आलाय. तुमच्या चर्चमध्ये आठ महिने दुसरा विषय नाही. तुम्ही तोच पाठ म्हणताय."

"पोरा, मघाशी तू त्या शेजारच्याला म्हणालास, 'ही म्हातारी मंडळी जेवायला कधी सोडणार?' तेही पेपरात आलंय का?"

सगळं तळघर हसलं. डनिगन कानापर्यंत लाल झाला, पण माणूस हुशार. "ठीक आहे. मग एकेकीला वेगळं दाखवा. कागदावर लिहून घ्या."

अध्यक्षांनी मान्य केलं. "प्रेसवर काम केलेलं अजून कोण आहे?" इझोला धरून चौघी निघाल्या. त्यांना बाहेरच्या व्हरांड्यात बसवलं, बोलायचं नाही म्हणून समोर कारकून ठेवला.

"अहो, ओठ हलवू देऊ नका त्यांना!" पाद्री ओरडला. मग चौघींना भिंतीकडे तोंड करून बसवलं.

एकेक आत आली, बघून गेली, कागदाची घडी ठेवून गेली. अध्यक्षांनी पहिली उघडली.

"साहेब, माझे हात चाकावर आहेत. परवाना वरच्या खिशात आहे. तुम्ही सांगाल तेव्हाच काढतो. व्हर्नेल, जवळ बस."

दुसरी घडी. तेच, शब्दाला शब्द. तिसरीतही तेच आणि खाली, "याने दाढी करायला हवी होती." चौथीचा हात कापरा, तिला एकच ओळ जमली होती. "व्हर्नेल, जवळ बस."

डनिगन जबाबाची पानं उलटत राहिला. "हे व्हर्नेलचं यात नाही," तो शेवटी म्हणाला. "हे कुठेच नाही."

अध्यक्षांनी विचारलं, "लुशियस, व्हर्नेल कोण?"

लुशियसने टोपी दोन्ही हातांत चुरगळली होती. "माझी बायको. दोन वर्षं झाली तिला जाऊन." मग त्याने पडद्याकडे पाहिलं. "मी ते मनात म्हणालो असं मला वाटत होतं. तोंडाने बोललो हे मला माहीत नव्हतं."

मी जन्मभर चर्चमध्ये चमत्कारांची प्रवचनं ऐकली, माना डोलावल्या, घरी आले. पण भिंतीकडे तोंड करून बसवलेल्या चार म्हाताऱ्यांनी, माणसाला स्वतःलाच ऐकू न आलेलं वाक्य कागदावर आणून ठेवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. कारखाना बंद पडून एकोणीस वर्षं झाली. त्या आवाजाने आमचे कान घालवले, असंच मी तोवर म्हणत आले होते.

सहा विरुद्ध एक. तक्रार खरी ठरली. शेरा काढून टाकावा आणि पोलीस प्रमुखांनी तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं, असं ठरलं. बस खात्यातून आलेल्या बाईने तिथेच सांगितलं, अस्वलासारखा केसाळ होऊन येऊ नकोस, दाढी करून कामावर ये.

लोक कोट घालू लागले. लुशियस मात्र जागचा हलला नाही.

"अध्यक्षसाहेब, एकदा परत लावता का? शेवटचं तेवढं."

कारकुनाने परत लावलं. कोट अर्धवट अंगात तसेच सगळे उभे राहिले. पडद्यावर त्याचे ओठ हलले आणि खुर्च्यांपाशी चौघींचे ओठ त्याच्याबरोबर हलले, आवाज न करता. माझं मत देऊन झालं होतं. माझेही हलले.