चोळी-बांगडीचं वावर

न्याहारी आटोपून शालिग्राम चावडीकडे निघाला, तेव्हा सोजरबाई शेजारच्या आपल्या ओसरीवर तूर पाखडत बसली होती. सूप हातात, मान खाली. तशीच ती म्हणाली, "शालू, माह्याही वावराचं सांगजो बरं साहेबाले."

"सांगतो न वयनी," म्हणत त्यानं वहाणा पायांत सरकवल्या.

एवढ्यावर दोघांचं भागलं. सोजरबाई या घरात नवरी होऊन आली तेव्हा तिचा हा धाकटा दीर रांगत होता आणि सासू आधीच गेलेली होती. त्याला भरवणं, न्हाऊ घालणं, गोवर निघाला तेव्हा मांडीवर घेऊन बसणं, सगळं तिनंच केलं. तिच्या पोटी काही मूल झालं नाही. पुढं पटकीच्या साथीत नवरा गेला, तेव्हा सासऱ्यानं पाच पंच बसवून नाल्याकाठचं वावर तिला तोडून दिलं. विधवा सुनेच्या अन्नवस्त्रासाठी असा तुकडा द्यायची त्या भागात रीत होती, आणि त्याला चोळी-बांगडीचं वावर म्हणत. सोजर जिती आहे तोवर त्या वावरात दुसऱ्या कोणी नांगर घालायचा नाही, असं म्हातारा पंचांपुढं बोलला. कागद झाला नाही. बोललेला शब्द मोडायचा कोणाच्या मनातही येत नसे, मग कागद कशाला हवा होता?

पण आता दिवस पालटले होते. वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं आणि जमिनीच्या नोंदी पक्क्या करायला नायब तहसीलदार साहेबाचा मुक्काम त्यांच्या रिठद गावच्या चावडीवर पडला होता. साहेब भला माणूस होता. ज्याच्या नावावर जमीन चढेल त्याला विहिरीसाठी तगाईचं सरकारी कर्ज मिळेल, हद्दीला दगड बसेल, बांध-धुऱ्यावरून डोकी फुटणार नाहीत, असं त्यानं लोकांना समजावून सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. सोजरबाईचा शेजारी इंद्रभान दरसाल वखराच्या एकेका पाळीनं तिचा धुरा खात आला होता, आणि ती एकटी बाई त्याच्याशी भांडून भांडून थकली होती. सरकारी दगडाची गरज तिच्याइतकी गावात कोणाला नसेल. फक्त बाईनं चावडीची पायरी चढायची नाही, अशी रिठदची रीत होती. बाईचं जे काय असेल ते घरच्या पुरुषानं सांगायचं.

चावडीजवळच्या निंबाखाली मधला भाऊ जगदेव वाट पाहत उभा होता. त्यानं शालिग्रामला बाजूला घेतलं. नवा कायदा आला आहे, एकदा वावर वहिनीच्या नावावर चढलं की ते तिचंच, उद्या ती कोणालाही लिहून देईल, असं तो दबक्या आवाजात सांगू लागला. तिचे मालेगावचे भाचे अलीकडे काहून चकरा मारून राह्यले, हे त्यानं दोनदा विचारलं. "तिले का आपन उपाशी ठेवून राह्यलो? ती खाईन जनमभर. नाव फक्त आपल्या घरचं राहू दे. तुह्यं सांग. तुह्यावर तिचा जीव हाये, ती इचारनार नाई."

ती विचारणार नाही, याच एका भरवशावर ते पाप झालं.

साहेबानं विचारलं, नाल्याकाठचं वावर कोणाच्या कब्जात आहे? त्या पाच पंचांतले दोन म्हातारे तिथंच सतरंजीवर बसले होते. त्यांनी शालिग्रामकडं पाहिलं. शालिग्राम म्हणाला, "माह्यं." म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या आणि तंबाखू मळत राहिले. दुसऱ्याच्या घरची गोष्ट, आपण कायले बोलावं? गावातला सगळा शहाणपणा असा वेळेवर गप्प बसतो, आणि त्यालाच आपण भलेपणा म्हणतो.

घरी आला तर ती दारातच उभी होती. "झालं?"

"झालं वयनी. पक्कं झालं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तेच पुढं त्याला खात राहिलं. सोजरबाईनं त्याच संध्याकाळी गूळ फोडला आणि साऱ्या आळीत वाटला. पहिला खडा तिनं त्याच्या तळहातावर ठेवला. तो तोंडात विरघळेना, तेव्हा त्यानं गोठ्यात जाऊन थुंकून टाकला.

महिन्याभरानं हद्दीचे दगड बसले. इंद्रभानचा वखर दगडाला टेकून मागं फिरला, तो त्यानंतर कधी अलीकडे आला नाही. सोजरबाई दर सोमवारी त्या दगडावर फूल ठेवू लागली. आपल्याला सरकार ओळखतं, याचा तिला मोठा अभिमान वाटत होता. नदीवर धुणं धुताना ती बायांना सांगे की माझं नाव कचेरीत आहे. शालिग्रामनं तिच्या वावराला आपले बैल आधी द्यायला सुरुवात केली. कारंज्याच्या बाजारातून न सांगता लुगडं आणलं. दीर असावा तर असा, असं गाव म्हणू लागलं, आणि ते ऐकलं की तो वाट बदलून दुसऱ्या बोळानं जाई.

असं वर्ष गेलं. अखजीच्या, म्हणजे अक्षयतृतीयेच्या दिवशी पितरांना घास घालून झाल्यावर सोजरबाईनं त्याला जवळ बसवलं.

"शालू, मले वाशीमले घेऊन चाल. कचेरीत. माह्या जिवाचा आता भरवसा नाई. भाचे लागले मांगं, आत्या वावर आमाले लिवून दे म्हनते. मी सांगतलं त्याइले, माह्यं वावर माह्या शालूचं हाये. आता कागद करून टाकू."

ज्या भीतीनं शालिग्रामनं वावर चोरलं होतं, त्या भीतीला कधी बूडच नव्हतं. ते वावर आपसूक त्याच्याकडं चालत येत होतं, आणि त्याला हात पुढं करायची लाज वाटत होती.

त्यानं गोठ्यात बायकोला, तुळसाबाईला, सगळं सांगितलं. ती शेण भरता भरता थांबली. तिनं आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाली, "उद्या तुमी नसान, तवा माह्यं नाव कोन सांगीन? असाच एखादा शालू न?"

जगदेवाला कळलं तसा तो तणतणत आला. वहिनीला चार दिवस टाळ, आजारी पड, काहीही कर, पण कचेरीत तोंड उघडशील तर दोघांची अब्रू जाईल, म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे शालिग्रामनं गाडी जुंपली.

वाटेत सांगून टाकायचं त्यानं ठरवलं होतं. पण सोजरबाई खुशीत होती. लहानपणी तू याच वाटेनं माझ्या कडेवर बसून जत्रेला आला होतास आणि रेवड्यांसाठी रडला होतास, असं काय काय सांगत होती. बैलांच्या शेपट्या पिळत त्यानं सगळी वाट ऐकण्यात काढली.

कचेरीत तोच नायब साहेब होता. बाईनं पदर सावरून सांगितलं, की माझ्या नावचं वावर या दिराला द्यायचं आहे. साहेबानं कारकुनाला दप्तर काढायला सांगितलं. कारकून उठला, तोच शालिग्राम म्हणाला, "दप्तर नका काढू साहेब. तिचं नाव तिथं नाई. मी खोटं बोललो. वावर वयनीचं, अन् मी माह्यं म्हनून लिवून घेतलं."

कारकून होता तिथंच थांबला. साहेब रागावला, खोटा जबाब दिल्याचं कलम त्यानं ऐकवलं, पण शालिग्रामचं तिकडं लक्ष नव्हतं. तो सोजरबाईकडं पाहत होता. ती रडली नाही. तिनं एकच गोष्ट विचारली.

"मी गूळ वाटला, तवा तुले मालूम होतं?"

"होतं."

तिनं मान हलवली. मग साहेबाकडं वळून म्हणाली, "द्याचं-घ्याचं आता काही नाई साहेब. फक्त माह्यं नाव लिवा."

फेरचौकशी रिठदलाच झाली. साहेबानं निरोप धाडला, की जिची जमीन तिनंच येऊन सांगावं. सगळ्या गावादेखत सोजरबाई चावडीची पायरी चढली. ते दोन म्हातारे पंच आता बोलले, अगदी सासऱ्याच्या शब्दासकट बोलले. शालिग्रामनं भरल्या चावडीत पुन्हा एकदा आपला गुन्हा सांगितला. जगदेव त्या दिवसापासून त्याच्याशी बोलत नाही. कागदावर सोजरबाईचं नाव चढलं, तिचा अंगठा उमटला, आणि या वेळी गूळ कोणी वाटला नाही.

पुढं गावातल्या कोणत्याही विधवेचं नोंदीचं काम निघालं, की शालिग्राम स्वतः जाऊन तिला चावडीवर घेऊन येई. तो पायरीशी बसून राही आणि बोलायचं तिलाच बोलू देई. कोणी कौतुक केलं तर हात जोडून म्हणे, माझं कौतुक करू नका, तुमच्या घरचं वावर कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. काही जण हे ऐकून घरी जात. पुष्कळ जण नुसते हसत.

सोजरबाईचं त्याच्या घरी येणं-जाणं तुटलं नाही. तुळसाच्या दुखण्यात ती भाकरी थापून गेली. बैल लागले तर मागायला येई. पण तो समोर दिसला की ती आता पदर डोक्यावरून पुढं ओढते, परक्या बाईसारखी भिंतीकडं तोंड करते आणि म्हणते, "भाऊजी, उद्या बैल मोकळे हायेत काय?"

"हायेत वयनी," तो म्हणतो.

त्याला शालू म्हणणारं गावात दुसरं कोणी नव्हतं.