योसेफमास्तर

मोहरीच्या दाण्याएवढा तो स्क्रू चिमट्यातून निसटला, काउंटरच्या काचेवर एकदा टणकन वाजला आणि कुठे गेला ते कळलंच नाही. मास्तर खाली वाकले. मोहरीएवढा विश्वास असला तरी डोंगर हलतो, हे आपण वर्गात किती वेळा सांगितलं असेल... इथे मोहरीएवढा स्क्रू सापडेना आणि वाकलेली कंबर सरळ होईना.

चष्म्याचं दुकान त्यांनी बत्तीस वर्षं चालवलं होतं, पण प्रार्थनामंदिरात त्यांना चष्मेवाला कुणी म्हणत नसे. योसेफमास्तर म्हणत. मोठ्यांच्या रविवारच्या वर्गात मरियेच्या नवऱ्याचा, योसेफाचा धडा दरवर्षी त्यांच्याकडेच असे आणि तो घ्यावा तर मास्तरांनीच, असं पाळकसाहेबही म्हणत. "अख्ख्या शास्त्रात हा माणूस एक शब्द बोलत नाही," मास्तर सांगत. "देवानं सांगितलं, हा उठला आणि तसं केलं. पोर आपलं नाही हे ठाऊक असून पदरात घेतलं. आज्ञापालन म्हणजे हे!" बायका डोळे टिपत. पहिल्या बाकावर त्यांची बायको बसलेली असे – मांडीवर हात, डोळे कोरडे. गेल्या वर्षी ती गेली. उद्या पुन्हा तोच धडा होता.

दाराची घंटी वाजली. भाची आली होती. मेहुणीची मुलगी... म्हणजे जगाच्या लेखी मेहुणीची.

"काय काका, चार निरोप! डोळे माझे आणि घाई तुम्हाला?"

"बस. हनुवटी टेकव इथे."

यंत्रातून हवेची फुंकर सुटली आणि ती दचकली, दरवेळी दचकते तशी, आधी डावा खांदा आणि मग पापणी – हुबेहूब बायकोसारखी, हे मनात आलं की ते दरवेळी दुसरीकडे बघत. दर दोन वर्षांनी काहीतरी निमित्त काढून त्यांनी तिच्या डोळ्यांतला दाब मोजला होता. एकवीसच्या आत असला की झालं. आज उजवा अठरा भरला. डावा चोवीस. त्यांनी पुन्हा मोजला. चोवीसच.

बायकोचाही आधी डावाच चढला होता. काचबिंदू चोरपावलांनी येतो, कडेकडेनं नजर खात जातो, माणसाला पत्ता लागू देत नाही. शेवटी शेवटी ती चहाचा कप चाचपून शोधायची आणि सापडला की उगीचच हसायची.

लग्न ठरायच्या आधी तिनं स्वतः होऊन सगळं सांगितलं होतं, हातचं काही न राखता. सहा महिन्यांची मुलगी आहे, बहिणीच्या घरी आहे, तिचा बाप परागंदा झाला. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाली होती. आणि ते तीन दिवस गुडघ्यांवर बसले होते – खरंच बसलो होतो मी, देवा, तूच बोल म्हणून – पण योसेफाला स्वप्न पडलं, यांना प्रश्न पडला: लोक काय म्हणतील? चौथ्या दिवशी त्या प्रश्नालाच त्यांनी देवाचा आवाज मानून टाकलं. पोर बहिणीकडेच राहू दे, तिचीच म्हणून वाढू दे, आणि हा विषय पुन्हा नको. तिनं मान हलवली. पुढे दोघांना मूल झालं नाही तेव्हाही तिनं विषय काढला नाही. चौतीस वर्षं शब्द मोडला नाही. आज्ञापालन मी शिकवत राहिलो... आणि पाळत राहिली ती, तेही माझी आज्ञा.

तपासणीच्या कागदावर एक रकाना छापलेला होता – रक्ताच्या नात्यात काचबिंदू? भाचीच्या कागदावर ते तिथे आडवी रेघ मारत आले होते. आजही रेघ मारली तर मोठे डॉक्टर म्हणतील, सहा महिन्यांनी बघू. आणि सहा महिन्यांत काय काय निघून जातं ते मास्तरांनी घरात बघितलं होतं.

"काय निघालं, काका?"

"दाब वाढलाय. डॉक्टरांना दाखवायला हवं. घरात कुणाला..." दिवसातून दहा वेळा विचारायचा प्रश्न त्यांनी अर्ध्यावर सोडला. "तुझ्या मावशीला होता."

"मावशीचा धरतात?"

पेन कागदावर टेकलेलं होतं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत चालला होता.

"आईचा धरतात," ते म्हणाले.

ती दचकली नाही. रुमाल काढून तिनं हनुवटी पुसली, सावकाश.

"मग लिहा की."

त्यांनी वर बघितलं.

"मला माहीत आहे, काका. हॉस्पिटलात मावशीनं सांगितलं, शेवटच्या आठवड्यात. म्हटलं, तुम्ही कधी सांगताय बघू." ती जरा हसली. "तुमच्याबद्दल मनात किंतु ठेवू नकोस म्हणाली. तुम्ही मला घरी आणायला तयार होतात, पाळणासुद्धा बघून ठेवला होतात. तिलाच धीर झाला नाही."

पाळणा? कुठला पाळणा?

उभ्या आयुष्यात ती खोटं बोलली नव्हती. शेजारणीची भाजी खारट झाली तर तसं तोंडावर सांगायची. आणि मरणाच्या दारात तिनं पाळणा उभा केला, त्यांच्यासाठी. पहिल्या बाकावर, कोरड्या डोळ्यांनी, ती वर्षानुवर्षं हेच करत होती का? त्यांनी शब्दांत रंगवलेला तो योसेफ घेऊन, तो आपल्या नवऱ्याच्या अंगाला कुठे तरी बेतून बघत... आता फक्त गप्प बसायचं होतं. तो योसेफही गप्पच तर होता.

"तेवढं कळलं आणि खूप बरं वाटलं मला," ती म्हणाली. "निदान कुणाला तरी मी हवी होते."

"नव्हतो."

"काय?"

"तयार नव्हतो मी. तिनं निर्णय माझ्यावर सोडला होता. मीच नको म्हणालो. पाळणाबिळणा काही नव्हता."

बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं. 'येऊ द्या, येऊ द्या' असा आवाज बराच वेळ चालला होता. तिनं कागद ओढून घेतला, रकान्यात स्वतःच 'आई' असं लिहिलं आणि त्याची घडी घातली.

"हे मावशीनं..." ती त्या शब्दाशीच अडखळली. "हे तिनं नव्हतं सांगितलं."

"जाशील ना डॉक्टरांकडे?"

"जाईन."

"मी येऊ सोबत?"

ती दारात थांबली. उत्तर शोधत असावी, किंवा नुसती दाराची कडी.

"माहीत नाही," ती म्हणाली आणि गेली.

मास्तर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात; त्यांना काही हलकं वाटलं नाही. तिला उशिरा का होईना जो एक बाप मिळाला होता, तोही आपण काढून घेतला, आणि बायकोनं जाता जाता केलेलं काम उसवून टाकलं... हे करायला कुणी सांगितलं होतं? देवानं? की आयुष्यभर अंगावर बाळगलेलं ओझं आपण एका पोरीच्या डोक्यावर ठेवून मोकळे झालो? त्यांना सांगता येईना. सवयीनं प्रार्थनेचे शब्द ओठांवर आले, गुळगुळीत, पाठ झालेले; ते त्यांनी तसेच राहू दिले.

मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू काय म्हणतेस?" देवाला नाही, बायकोला. इतक्या वर्षांत हे आपण तिला एकदाही विचारलं नव्हतं, हे विचारल्यावरच त्यांच्या ध्यानात आलं. उत्तर येणार नाही हे ठाऊक होतं. तरी ते कान देऊन बसून राहिले.